दंतोपचारातील रेझिन द्रव्यांची पेशीविषाक्तता

दंतोपचारातील रेझिन द्रव्यांची पेशीविषाक्तता म्हणजे दात भरणे, दातांच्या खाचा बुजवणे, टोपी किंवा तारा चिकटवणे, कवळी बनवणे इत्यादी कामांसाठी वापरल्या जाणाऱ्या रेझिन-आधारित द्रव्यांमधून बाहेर पडणाऱ्या घटकांमुळे जिवंत पेशींना होणारी इजा. ही इजा पेशींची वाढ मंदावण्यापासून त्यांच्या मृत्यूपर्यंत कोणत्याही पातळीची असू शकते. दातातील जिवंत गाभ्याच्या म्हणजे दंतगराच्या पेशी, हिरडीच्या पेशी, तोंडातील श्लेष्मल त्वचा आणि ही द्रव्ये हाताळणाऱ्यांच्या हातांची त्वचा यांच्या संदर्भात तिचा अभ्यास होतो.

पूर्णपणे घट्ट झालेले रेझिन पेशींना जवळजवळ निरुपद्रवी असते. विषाक्तता मुख्यतः त्यातील न जुळलेल्या, सुट्या राहिलेल्या रेणूंमुळे येते. त्यामुळे एखादे द्रव्य कितपत सुरक्षित आहे, हे त्याच्या रासायनिक घडणीबरोबरच ते कसे वापरले, किती खोल खड्ड्यात भरले आणि किती नीट घट्ट केले यांवरही अवलंबून असते.

## नाव आणि व्याप्ती

राळ हा शब्द मराठीत मूळचा झाडांपासून मिळणाऱ्या चिकट स्रावासाठी वापरला जातो. दंतवैद्यकातील रेझिने मात्र कारखान्यात तयार होणारी कृत्रिम द्रव्ये आहेत. बोलीभाषेत दातात भरलेल्या पांढऱ्या द्रव्याला सरसकट ‘सिमेंट’ आणि पारायुक्त मिश्रधातूला म्हणजे अमाल्गमला ‘चांदी’ म्हटले जाते. दातांच्या रंगाचे प्रत्येक ‘सिमेंट’ हे रेझिन असतेच असे नाही. ग्लास आयोनोमर हे काचेची पूड व आम्ल यांच्या अभिक्रियेतून घट्ट होणारे द्रव्य दिसायला सारखे असले तरी रासायनिकदृष्ट्या वेगळे आहे.

या लेखात पुढील द्रव्यांचा विचार केला आहे :

* दात भरण्याची संमिश्र रेझिने, म्हणजे कॉम्पोझिट
* दाताला रेझिन चिकटवणारी बंधक द्रव्ये
* दाढांच्या खाचा बुजवणारी सीलंट
* रेझिनमिश्रित ग्लास आयोनोमर
* दंतमूळ नलिका बुजवण्याची रेझिनयुक्त द्रव्ये
* कवळीसाठी वापरले जाणारे ॲक्रिलिक

## इतिहास

दंतोपचारात कृत्रिम रेझिनाचा शिरकाव प्रथम कवळीच्या रूपाने झाला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट हे ॲक्रिलिक उपलब्ध झाले आणि त्याने व्हल्कनाइट या कडक रबराची जागा घेतली. पुढे हेच ॲक्रिलिक दात भरण्यासाठी वापरून पाहण्यात आले. परंतु घट्ट होताना ते आकसत असे, कडेने फट राहत असे आणि दंतगराला त्रास होत असे.

१९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी एनॅमलवर आम्ल लावून तो किंचित खडबडीत केल्यास त्यावर रेझिन घट्ट बसते, हे दाखवले. राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए हा मोठा रेणू तयार करून त्यात सिलिकाचे कण मिसळले. या शोधाचे पेटंट त्यांना १९६२ मध्ये मिळाले. आजची बहुतेक संमिश्र रेझिने याच कल्पनेची वंशज आहेत. पुढे निळ्या प्रकाशाने घट्ट होणारी रेझिने आली आणि दंतवैद्याला हवा तेवढा वेळ घेऊन आकार देणे शक्य झाले.

पारा पर्यावरणात मिसळू नये यासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार स्वीकारण्यात आला व १६ ऑगस्ट २०१७ पासून तो अमलात आला. भारताने २०१८ मध्ये त्याला अनुसमर्थन दिले. दंतोपचारातील अमाल्गमचा वापर टप्प्याटप्प्याने घटवणे हा या कराराचा भाग आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गमचा वापर, रुग्णाची विशिष्ट वैद्यकीय गरज वगळता, बंद केला. ‘चांदी’ मागे पडत असताना तिची जागा प्रामुख्याने रेझिने घेत आहेत. साहजिकच या द्रव्यांच्या जैविक सुरक्षिततेचा प्रश्न पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक लोकांशी निगडित झाला आहे.

## रासायनिक घडण

रेझिनाचा मूळ घटक म्हणजे एकवारिक, म्हणजेच मोनोमर. एकवारिके हे सुटे मणी मानले, तर त्यांची माळ म्हणजे बहुवारिक. मणी माळेत ओवण्याच्या क्रियेला बहुवारिकीकरण म्हणतात. दंतोपचारात नेहमी आढळणारी एकवारिके पुढीलप्रमाणे आहेत :

* बिस-जीएमए – मोठा व अतिशय घट्ट प्रवाही रेणू. संमिश्र रेझिनांचा कणा.
* यूडीएमए – बिस-जीएमएच्या जोडीने किंवा त्याऐवजी वापरला जाणारा रेणू.
* टीईजीडीएमए – मिश्रण पातळ करण्यासाठी घातला जाणारा लहान रेणू.
* हेमा – पाण्यात सहज मिसळणारा लहान रेणू. बंधक द्रव्ये आणि रेझिनमिश्रित ग्लास आयोनोमर यांत असतो.
* मिथिल मेथॅक्रिलेट – कवळीच्या ॲक्रिलिकमधील उग्र वासाचा द्रव.

यांच्या जोडीला काच किंवा सिलिकाचे बारीक कण, ते कण रेझिनाला बांधून ठेवणारे सिलेन, रंगद्रव्ये आणि बहुवारिकीकरण सुरू करणारी द्रव्ये असतात. प्रकाशाने घट्ट होणाऱ्या बहुतेक रेझिनांत कॅम्फरक्विनोन हे पिवळसर द्रव्य असते. ते सुमारे ४६८ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश सर्वाधिक शोषते आणि अमाइन वर्गातील सहायकाच्या मदतीने क्रियेला चालना देते.

ही क्रिया कधीही शंभर टक्के पूर्ण होत नाही. तोंडात घट्ट केलेल्या संमिश्र रेझिनात सर्वसाधारणपणे ५० ते ७५ टक्के दुहेरी बंधांचेच रूपांतर होते. उरलेले सर्व बंध सुट्या रेणूंचे असतात असे मात्र नाही. एका रेणूला दोन टोके असतात. त्यांपैकी एक टोक माळेत अडकले, तर दुसरे मोकळे असूनही तो रेणू बाहेर पडत नाही. दोन्ही टोके मोकळी असलेल्या, खऱ्या अर्थाने सुट्या रेणूंचे प्रमाण बरेच कमी असते. पेशींच्या दृष्टीने महत्त्व असते ते याच सुट्या रेणूंना.

## पेशींपर्यंत पोहोचण्याचे मार्ग

सुटी एकवारिके दोन दिशांनी बाहेर पडतात. एक मार्ग लाळेकडे जातो. दुसरा दातातून आत, दंतगराकडे जातो.

एनॅमलखालचा डेंटिन हा थर भरीव नसतो. त्यात असंख्य सूक्ष्म नलिका असतात. त्या दंतगराकडे जाताना अधिक रुंद व अधिक दाट होतात. किडीचा खड्डा जितका खोल, तितका खाली उरलेला डेंटिनचा थर पातळ आणि तितकी ही वाट मोकळी. हेमा व टीईजीडीएमए यांसारखे लहान रेणू या नलिकांमधील द्रवातून पसरू शकतात. आम्ल लावल्यावर नलिकांची तोंडे अधिक उघडी होतात.

दुसऱ्या बाजूने डेंटिन हीच दंतगराची ढाल आहे. नलिकांमधील द्रव रेणूंना विरल करतो आणि डेंटिनची घडण त्यांतील काहींना धरून ठेवते. उरलेल्या डेंटिनची जाडी सुमारे एक मिलिमीटर किंवा अधिक असल्यास दंतगराला पुरेसे संरक्षण मिळते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ थर उरल्यास धोका वाढतो. दंतगर उघडा पडला, तर ढालच उरत नाही.

बाहेर पडणाऱ्या रेणूंपैकी बराच वाटा पहिल्या काही तासांत ते एका दिवसात निघून जातो. त्यानंतर लाळेतील व जिवाणूंमधील एस्टरेज विकरे, आम्ले आणि चावण्यामुळे होणारी झीज यांमुळे रेझिनाचे अत्यंत संथ विघटन चालू राहते.

रेझिनाच्या वरच्या पृष्ठभागावर हवेतील ऑक्सिजनमुळे बहुवारिकीकरण अडते आणि एक पातळ, चिकट थर शिल्लक राहतो. तो न घट्ट झालेल्या एकवारिकांनीच भरलेला असल्यामुळे घासून काढून टाकावा लागतो.

## पेशींवरील परिणाम

### पेशींतील यंत्रणा

मेथॅक्रिलेट वर्गातील रेणू पेशींमधील ग्लुटाथायोन या संरक्षक द्रव्याशी जोडले जातात. ग्लुटाथायोन पेशीतील क्रियाशील ऑक्सिजन-रेणूंना आवर घालते. त्याचा साठा संपत गेला की हे रेणू वाढतात आणि पेशीवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो. त्यातून पेशीपटल, तंतुकणिका आणि डीएनए यांना इजा होऊ शकते.

इजा थोडी असेल, तर पेशी आपले विभाजन थांबवून दुरुस्ती करते. इजा मोठी असेल, तर पेशी नियोजित मृत्यूचा मार्ग स्वीकारते. अतितीव्र मात्रेत पेशीपटल फुटून पेशी थेट मरते. एन-ॲसिटिल सिस्टीन हे द्रव्य संवर्धित पेशींमध्ये आधी घातल्यास एकवारिकांमुळे होणारी हानी कमी होते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. ऑक्सिडीकरणाचा ताण हे हानीचे मुख्य कारण असल्याच्या मताला त्यामुळे बळ मिळते.

### मारक मात्रेहून कमी मात्रेचे परिणाम

पेशी जिवंत राहिली म्हणजे तिचे काम सुरळीत चालू आहे, असे म्हणता येत नाही. हेमा आणि टीईजीडीएमए यांच्या मारक नसलेल्या मात्राही दंतगरातील पेशींची खनिजयुक्त डेंटिन तयार करण्याची क्षमता मंदावतात, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत आढळले आहे. किडीला प्रतिकार म्हणून दात आतून नवे डेंटिन तयार करतो. हीच क्षमता घटली, तर दाताची स्वतःला सावरण्याची शक्ती कमी होते. संरक्षक पेशींनी जिवाणूंना दिलेल्या प्रतिसादावरही या एकवारिकांचा परिणाम होतो.

### तुलनात्मक विषाक्तता

समान रेणुसंख्या घेतली, तर संवर्धित पेशींवर बिस-जीएमए सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल यूडीएमए, मग टीईजीडीएमए आणि हेमा त्याहून सौम्य, असा क्रम बहुतेक प्रयोगांत आढळतो. मात्र मोठा बिस-जीएमए पाण्यात फारसा विरघळत नाही व डेंटिनमधून सहज पसरत नाही. याउलट सौम्य गणला जाणारा हेमा पाण्यात सहज मिसळतो आणि दूरवर जातो. म्हणून रेणूची विषारी शक्ती आणि त्याची पोहोच या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

## चाचण्या

वैद्यकीय साधनांच्या जैविक मूल्यमापनासाठी आयएसओ १०९९३ ही आंतरराष्ट्रीय मानकमाला आहे. तिचा पाचवा भाग पेशीविषाक्ततेच्या प्रयोगशाळेतील चाचण्यांविषयी आहे. दंतोपचारातील साधनांसाठी आयएसओ ७४०५ हे स्वतंत्र मानक आहे. नेहमी वापरल्या जाणाऱ्या पद्धती अशा :

* अर्क चाचणी – घट्ट केलेले द्रव्य पोषक द्रवात ठराविक काळ ठेवून तो द्रव पेशींवर घालतात.
* थेट संपर्क चाचणी – द्रव्याचा तुकडा पेशींच्या थरावर ठेवतात.
* अगर विसरण चाचणी – पेशी व द्रव्य यांच्यामध्ये अगरचा थर असतो.
* डेंटिन अडथळा चाचणी – द्रव्य आणि पेशी यांच्यामध्ये डेंटिनची पातळ चकती ठेवतात. प्रत्यक्ष दातातील परिस्थितीच्या ही पद्धत अधिक जवळ जाते.

चाचणीसाठी उंदराच्या संयोजी ऊतकापासून मिळवलेली एल-९२९ ही पेशीमालिका पुष्कळदा वापरतात. मानवी हिरडीच्या किंवा काढलेल्या दातांतील दंतगराच्या पेशीही वापरल्या जातात.

पेशी किती जिवंत आहेत हे मोजण्यासाठी १९८३ मध्ये मांडली गेलेली एमटीटी चाचणी प्रचलित आहे. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटी द्रव्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. ते विरघळवून रंगाची तीव्रता मोजली की जिवंत पेशींचा अंदाज येतो. आयएसओच्या निकषानुसार, द्रव्याच्या सान्निध्यात पेशींची जिवंत राहण्याची क्षमता तुलनेच्या गटापेक्षा ३० टक्क्यांहून अधिक घटली, तर ते द्रव्य पेशीविषारी असल्याचे मानतात.

## निष्कर्षांचा अर्थ

प्रयोगशाळेत एखादे द्रव्य पेशीविषारी ठरले म्हणून ते तोंडातही तितकेच घातक ठरते, असे नाही. काचपात्रातील पेशींचा एकेरी थर द्रव्याला थेट व सतत सामोरा जातो. तोंडात लाळ रेणूंना वाहून नेते, दंतगरातील रक्तप्रवाह त्यांना दूर करतो आणि डेंटिन त्यांना अडवते. चाचणीत प्रकाश किती दिला, द्रव्य किती वेळ स्थिरावू दिले, अर्क किती तीव्र घेतला यांनुसार एकाच द्रव्याचे निकाल भिन्न येतात. त्यामुळे निरनिराळ्या अभ्यासांतील आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही.

उलट बाजूची चूकही टाळावी लागते. ‘कोट्यवधी दात भरले गेले आणि काही झाले नाही’ या युक्तिवादावरून द्रव्य निर्धोक असल्याचे सिद्ध होत नाही. खोल भरणानंतर महिन्यांनी दात दुखू लागला, तर त्याचे कारण जिवाणू, भरताना झालेली उष्णता, कडेची फट की रेझिन, हे सांगणे कठीण असते.

या संदर्भात जिवाणूंची भूमिका महत्त्वाची आहे. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांचे दंतगर उघडे पाडले गेले, तरी ते भरून आले. सामान्य उंदरांमध्ये मात्र दंतगर नष्ट झाले. भरणानंतर होणाऱ्या दंतगराच्या दाहात कडेच्या फटीतून शिरणाऱ्या जिवाणूंचा वाटा मोठा असतो, हा विचार त्यातून दृढ झाला. रेझिन घट्ट होताना आकसते व फट निर्माण करू शकते. म्हणजे रेझिनामुळे होणारे काही नुकसान रासायनिक नसून जिवाणूंना वाट मिळाल्यामुळे झालेले असते.

उघड्या दंतगरावर थेट बंधक रेझिन लावण्याचा प्रयोग १९९० च्या दशकात बराच झाला. मानवी दातांवरील अभ्यासांत अशा ठिकाणी दीर्घकाळ दाह राहिला व नव्या डेंटिनचा पूल नीट तयार झाला नाही. त्यामुळे उघड्या दंतगरावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा कॅल्शियम सिलिकेट वर्गातील द्रव्ये ठेवून नंतरच रेझिन भरण्याची पद्धत श्रेयस्कर मानली जाते.

## बिस्फेनॉल-ए

बिस-जीएमए तयार करताना बिस्फेनॉल-ए या संप्रेरकसदृश परिणाम करणाऱ्या रसायनाचा उपयोग होतो. ते अशुद्धीच्या स्वरूपात अल्प प्रमाणात शिल्लक राहू शकते. १९९६ मध्ये स्पेनमधील ग्रॅनाडा येथील संशोधकांनी सीलंट लावल्यानंतर घेतलेल्या लाळेत बिस्फेनॉल-ए आढळल्याचे प्रसिद्ध केले आणि या विषयाकडे जगाचे लक्ष गेले.

बिस-डीएमए या एकवारिकाचे लाळेतील विकरांमुळे विघटन होऊन बिस्फेनॉल-ए तयार होऊ शकते. बिस-जीएमएचे मात्र तसे विघटन होत नाही. दोघांच्या नावांत साम्य असल्याने या बाबतीत गोंधळ होतो. सीलंट किंवा रेझिन बसवल्यावर लाळेतील बिस्फेनॉल-एची पातळी थोडा काळ वाढते व नंतर खाली येते, असे पुढील अभ्यासांत दिसले.

सुरक्षित मर्यादेविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बिस्फेनॉल-एची दैनिक सह्य मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमपर्यंत, म्हणजे वीस हजार पटींनी खाली आणली. युरोपातील इतर काही संस्थांनी या निष्कर्षाशी असहमती दर्शवली. सीलंटमुळे लहान मुलांच्या दाढा किडण्यापासून वाचतात, हा लाभ सिद्ध झालेला आहे. म्हणून सीलंट टाळण्याऐवजी ते लावल्यावर पृष्ठभाग पुसून घेणे व चूळ भरायला लावणे, हा मार्ग सुचवला जातो.

## ॲलर्जी आणि व्यावसायिक धोका

रेझिनाचा सर्वांत स्पष्ट दिसणारा त्रास पुष्कळदा रुग्णांपेक्षा ते हाताळणाऱ्यांना होतो. रुग्णाच्या दातात जाणारे रेझिन काही सेकंदांत घट्ट होते. दंतवैद्य, सहायक आणि कवळीचे तंत्रज्ञ मात्र न घट्ट झालेल्या एकवारिकांच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे काम करतात. बोटांच्या टोकांची त्वचा कोरडी पडणे, भेगा जाणे, खाज व इसब ही संपर्कजन्य ॲलर्जीची नेहमीची लक्षणे आहेत. हेमा आणि मिथिल मेथॅक्रिलेट ही त्यांची प्रमुख कारणे होत.

रबराचे किंवा व्हिनाइलचे पातळ हातमोजे या लहान रेणूंना काही मिनिटांहून अधिक काळ अडवू शकत नाहीत. त्यामुळे रेझिन लागलेला मोजा तत्काळ बदलावा लागतो. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा आयुष्यभर राहते. कृत्रिम नखे चिकटवण्याच्या द्रव्यांतही याच वर्गातील एकवारिके असल्याने, तेथे ॲलर्जी झालेल्या व्यक्तीला दंतोपचारातही त्रास होण्याची शक्यता असते. अशा व्यक्तीने उपचारापूर्वीच दंतवैद्याला तशी कल्पना देणे आवश्यक असते.

## कवळीचे ॲक्रिलिक

कवळी बनवताना ॲक्रिलिकची पूड व मिथिल मेथॅक्रिलेटचा द्रव कालवून कणकेसारखा गोळा करतात, तो साच्यात दाबतात आणि गरम पाण्यात ठराविक काळ ठेवून घट्ट करतात. उष्णतेने घट्ट केलेल्या कवळीत सुटे एकवारिक कमी राहते. पूड व द्रव मिसळताच आपोआप घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकमध्ये ते अधिक असते. तुटलेली कवळी जोडण्यासाठी बहुधा हेच ॲक्रिलिक वापरले जाते. आयएसओ २०७९५-१ या मानकात शिल्लक एकवारिकाची कमाल मर्यादा उष्णतेने घट्ट होणाऱ्या ॲक्रिलिकसाठी वजनाच्या २.२ टक्के, तर आपोआप घट्ट होणाऱ्यासाठी ४.५ टक्के आहे.

गरम पाण्यात ठेवण्याचा वेळ घाईने कमी केला, तर शिल्लक एकवारिक वाढते आणि टाळूची जळजळ किंवा लाली उद्भवू शकते. नवी कवळी देण्यापूर्वी एक-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवल्यास यातील बराच भाग निघून जातो. कवळीखालील प्रत्येक लाली मात्र रसायनामुळे नसते. सैल कवळीचे घासणे आणि कवळी रात्रभर तोंडात ठेवल्याने होणारा बुरशीसंसर्ग ही त्याहून अधिक आढळणारी कारणे आहेत.

त्रिमितीय मुद्रणाने तयार होणाऱ्या रेझिनांनाही हाच नियम लागू आहे. मुद्रित वस्तू अल्कोहोलने धुऊन पुन्हा प्रकाशाने घट्ट केली नाही, तर तिच्यातून बरीच एकवारिके बाहेर पडतात.

## धोका कमी करण्याचे उपाय

* रेझिन साधारण दोन मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर स्वतंत्रपणे घट्ट करणे. खास जाड थरांसाठी बनवलेली द्रव्ये याला अपवाद आहेत.
* उत्पादकाने सांगितलेला वेळ प्रकाश देणे आणि दिव्याचे टोक रेझिनाच्या शक्य तितके जवळ धरणे.
* दिव्याची तीव्रता मापकाने वेळोवेळी तपासणे. निळा प्रकाश डोळ्यांना प्रखर दिसला तरी तो अपुरा असू शकतो. टोकावर चिकटलेले रेझिन, जुना झालेला दिवा अथवा कमजोर बॅटरी यांमुळे तीव्रता घटते व खालचा थर कच्चा राहतो. वरून भरण कठीण लागत असल्याने हा दोष लक्षात येत नाही.
* खोल खड्ड्यात दंतगराजवळ संरक्षक थर ठेवणे.
* बंधक द्रव्यातील द्रावक हवेने नीट उडवून मगच प्रकाश देणे.
* पृष्ठभागावरील चिकट थर घासून काढणे आणि रुग्णाला चूळ भरायला सांगणे.
* न घट्ट झालेल्या रेझिनाला हात न लावणे, घासताना पाण्याचा फवारा व मुखपट्टी वापरणे आणि तंत्रज्ञांच्या खोलीत हवा खेळती ठेवणे.

## महाराष्ट्र आणि अहिल्यानगर जिल्हा

पेशीविषाक्ततेची कोणतीही चाचणी ऊतक संवर्धनावर, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या तंत्रावर उभी असते. भारतात या तंत्राचा पाया घालण्यात पुण्यात जन्मलेल्या पेशीशास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे काम करून परतल्यावर त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतक संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती देशातील या प्रकारची पहिली प्रयोगशाळा मानली जाते. त्यांचे संशोधन कर्करोगाविषयी होते, दंतद्रव्यांविषयी नव्हते. निवृत्तीनंतर त्यांनी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी बालकांच्या कुपोषणाचा अभ्यास केला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला.

पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र पेशीमालिका जतन करून त्या देशभरातील संशोधकांना पुरवते. अहिल्यानगर जिल्ह्यात राहाता तालुक्यातील लोणी येथे प्रवरा वैद्यकीय विज्ञान संस्थेचे ग्रामीण दंत महाविद्यालय, तर संगमनेरजवळ घुलेवाडी येथे एसएमबीटी दंत महाविद्यालय आहे. दंतद्रव्ये हा दंतवैद्यक पदवीच्या अभ्यासक्रमातील स्वतंत्र विषय असून द्रव्यांची जैवसुसंगतता हा त्याचा भाग आहे. दंतोपचारातील द्रव्ये भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ यांच्या कक्षेत येतात.

ग्रामीण महाराष्ट्रातील काही सवयींचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. राखुंडी किंवा मिश्री जोराने घासल्याने दात हिरडीलगत झिजतात व तेथे खाचा पडतात. या खाचा रेझिनाने किंवा रेझिनमिश्रित ग्लास आयोनोमरने भरल्या, तर भरणाची कड थेट हिरडीला टेकते. अशा ठिकाणी डेंटिनची ढाल हिरडीच्या पेशींच्या उपयोगी पडत नाही. त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत करणे व चिकट थर काढणे यांना अधिक महत्त्व येते.

वीज किंवा प्रकाशदिवा उपलब्ध नसलेल्या शिबिरांत, शाळांत आणि वाड्यावस्त्यांवर साध्या ग्लास आयोनोमरने दात भरण्याचा पर्याय उपलब्ध असतो. हाताच्या अवजारांनी कीड काढून हे द्रव्य भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात आफ्रिकेतील टांझानियात विकसित झाली. साध्या ग्लास आयोनोमरमध्ये हेमा नसतो व ते घट्ट होण्यास प्रकाश लागत नाही. ते रेझिनाइतके मजबूत नसते, पण अर्धवट घट्ट झालेल्या रेझिनापेक्षा पेशींना सौम्य ठरते.

## हे सुद्धा पहा

* दात
* दंतवैद्यक
* बहुवारिक
* ऊतक संवर्धन
* कमल रणदिवे
* मिनामाता करार